त्वचेतच ठरते पश्मिन्याचे उत्पन्न : करडांतील केशकूपांचा विकास

लडाखच्या चांगथांग पठारावर उन्हाळ्याच्या आरंभी चांगपा पशुपालक आपल्या चांगथांगी शेळ्या लांब दातांच्या फणीने विंचरतात. शेळीच्या अंगावरून सुटून आलेली मऊ लव म्हणजे पश्मिना होय. एका शेळीपासून मिळणारा कच्चा पश्मिना साधारणतः पाव किलोच्या आसपास भरतो आणि त्यातील राठ केस वेगळे केल्यावर तो आणखी घटतो. एकाच कळपातील, एकाच कुरणावर चरणाऱ्या आणि एकाच वयाच्या दोन शेळ्यांच्या उत्पन्नात मात्र मोठी तफावत आढळते. या तफावतीचे कारण सहसा वंशात किंवा चालू वर्षाच्या चाऱ्यात शोधले जाते. ही दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु तिसऱ्या कारणाकडे फारसे लक्ष जात नाही. ती शेळी स्वतः आईच्या गर्भात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तिच्या त्वचेची घडण कशी झाली, हे ते तिसरे कारण होय. त्या काळात जे घडायचे राहून जाते, ते पुढे कितीही खुराक दिला तरी भरून निघत नाही.

दोन प्रकारचे केशकूप, दोन प्रकारचे केस

ज्या सूक्ष्म खोलगट पिशवीत केसाचे मूळ रुजलेले असते, तिला केशकूप म्हणतात. पश्मिना देणाऱ्या शेळीच्या त्वचेत केशकूपांचे दोन प्रकार असतात. प्राथमिक केशकूप आकाराने मोठे असून त्वचेत खोलवर गेलेले असतात. त्यांना स्निग्धग्रंथी, घर्मग्रंथी आणि केस उभा करणारा लहानसा स्नायू असा पूर्ण संच लाभलेला असतो. यांच्यातून उगवणारे केस लांब व राठ असून त्यांच्या मध्यभागी पोकळसर मज्जा असते. वारा, बर्फ आणि घर्षण यांपासून संरक्षण करणे हे त्यांचे काम. दुय्यम केशकूप लहान असतात. त्यांना घर्मग्रंथी आणि स्नायू नसतात. यांच्यातून मज्जाविरहित, बारीक लव येते आणि तोच पश्मिना. चांगथांगी शेळीच्या लवीची जाडी साधारणतः १२ ते १५ मायक्रॉन असते. भारतीय मानक ब्युरोने २०१९ मध्ये पश्मिना उत्पादनांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यात १६ मायक्रॉनची कमाल मर्यादा घातलेली आहे. म्हणजे जाडीत दोन-तीन मायक्रॉनांची वाढ झाली, तरी त्या लवीचे बाजारातील स्थान डळमळते.

हे केशकूप त्वचेत विखुरलेले नसतात, तर गटागटाने बसलेले असतात. बहुधा तीन प्राथमिक केशकूप एका ओळीत आणि त्यांच्या एका बाजूला दुय्यम केशकूपांचा पुंजका, अशी रचना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एका प्राथमिक केशकूपामागे किती दुय्यम केशकूप आहेत, या गुणोत्तरावर लवीच्या उत्पन्नाची क्षमता अवलंबून असते. मेरिनो मेंढीत हे गुणोत्तर वीस किंवा त्याहून अधिक असू शकते. शेळ्यांत ते सामान्यतः बरेच कमी असते. एखाद्या शेळीत ते दहा असण्याऐवजी आठ राहिले असे समजा. त्या शेळीची पश्मिना निर्माण करणारी एकपंचमांश यंत्रे जन्मतःच कमी झाली. राठ केसांचे प्रमाण मात्र तेवढेच राहते, कारण प्राथमिक केशकूप आधीच तयार झालेले असतात. अशा शेळीचा कच्चा माल विंचरताना भरघोस वाटला, तरी राठ केस वेगळे केल्यावर हाती कमीच येतो.

गर्भातील वेळापत्रक

शेळीचा गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो. गर्भाच्या बाह्यत्वचेवर आधी ठिकठिकाणी सूक्ष्म जाडसर ठिपके तयार होतात. त्यांच्या खाली अंतस्त्वचेतील पेशी एकवटतात. या दोन थरांत रासायनिक संकेतांची देवाणघेवाण सुरू होते आणि ठिपक्यातील पेशी खाली रुजत जातात. पुढे त्या टोकाला कंदासारखा फुगीर भाग येतो, त्याच्या पोकळीत पेशींचा अंकुरक बसतो, बाजूला स्निग्धग्रंथी फुटते आणि अखेरीस केसाचे टोक त्वचेबाहेर पडते. केस बाहेर आला म्हणजे केशकूप परिपक्व झाला, असे मानले जाते. केशकूपाचा आरंभ आणि त्याची परिपक्वता या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात. संगोपनाचा सल्ला देताना हा भेद विसरून चालत नाही.

पश्मिना गटातील शेळ्यांवर झालेल्या अभ्यासांतून पुढील क्रम दिसून येतो. प्राथमिक केशकूपांचा आरंभ साधारणतः गाभण काळाच्या ५५ ते ६५ व्या दिवसाच्या सुमारास होतो. दुय्यम केशकूपांचा आरंभ त्यानंतर, सुमारे ७५ ते ९५ व्या दिवसांच्या दरम्यान होतो आणि त्यांची संख्या पुढेही वाढत राहते. प्राथमिक केशकूप जन्मापूर्वीच परिपक्व होतात. दुय्यम केशकूपांपैकी थोडेच जन्मापर्यंत तयार होतात. उरलेले जन्मानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत क्रमाक्रमाने कामाला लागतात. त्यामुळेच नवजात करडाच्या अंगावर राठ केसांचेच आवरण दिसते आणि लव जवळपास नसते. जन्माच्या सुमारास नव्या केशकूपांची भर जवळजवळ थांबते. जे त्या वेळी त्वचेत रुजलेले आहेत, त्यांतील किती परिपक्व होतात एवढाच प्रश्न त्यानंतर उरतो.

हेच वेळापत्रक चांगथांगच्या पंचांगावर ठेवून पाहिले, तर अडचण कोठे आहे ते लगेच ध्यानात येते. शेळी १५ नोव्हेंबरच्या सुमारास फळली असे धरू. प्राथमिक केशकूपांचा आरंभ जानेवारीच्या मध्यावर येतो. दुय्यम केशकूपांचा मुख्य आरंभ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत होतो. मार्चच्या अखेरीस त्यांच्या परिपक्वतेला प्रारंभ होतो आणि एप्रिलच्या मध्यास करडू जन्मते. चार हजार मीटरहून अधिक उंचीच्या त्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरते, कुरणे वाळलेली किंवा बर्फाखाली गेलेली असतात आणि शेळ्या अंगावरची चरबी झिजवून तग धरतात. अर्थात, ज्या पंधरवड्यांत पुढील पिढीचा पश्मिना त्वचेत पेरला जातो, तेच पंधरवडे वर्षातील सर्वांत उपासमारीचे असतात. २०१३ सालच्या हिवाळ्यात चांगथांगमध्ये झालेल्या अतिवृष्टीसारख्या बर्फवृष्टीने हजारो जनावरे दगावली, हे सर्वज्ञात आहे. अशा हिवाळ्यातून वाचलेल्या शेळ्यांच्या पोटी जन्मलेल्या करडांचे नुकसान मात्र कोणाच्या पंचनाम्यात येत नाही.

गर्भकाळातील पोषणाचा लोकरीवर आयुष्यभर टिकणारा परिणाम होतो, हे मेंढ्यांच्या बाबतीत पक्के झालेले आहे. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांवर झालेल्या दीर्घकालीन कामात, गाभण काळात उपाशी राहिलेल्या मेंढ्यांच्या कोकरांनी पुढे दरवर्षी किंचित कमी आणि किंचित जाड लोकर दिली. संख्या घटली की जाडी का वाढावी, याचे उत्तर सोपे आहे. शरीराकडून त्वचेला मिळणारे पोषण कमी केशकूपांत वाटले जाते, म्हणून प्रत्येक तंतू जाड होतो. पश्मिन्यात हा तोटा दुहेरी ठरतो, कारण तेथे वजन आणि बारीकपणा दोन्हींचे पैसे मिळतात. जुळ्या कोकरांत आणि पहिलारू मेंढीच्या कोकरांत दुय्यम केशकूपांचे प्रमाण कमी आढळते. चांगथांगी शेळी बहुधा एकच करडू देते. त्यामुळे जुळ्यांची चिंता तेथे कमी, पण पहिलारू शेळ्यांची चिंता अवश्य करावी. त्यांना स्वतःची वाढ आणि गर्भाची वाढ अशा दोन मागण्या एकाच वेळी पुरवाव्या लागतात.

शेवटच्या महिन्यातील खुराक पुरेसा आहे काय?

गाभण शेळीला शेवटच्या महिना-दीड महिन्यात जादा खुराक द्यावा, ही शिफारस देशभर केली जाते. करडाचे जन्मवजन, शेळीचे दूध आणि दुय्यम केशकूपांची परिपक्वता या तिन्हींसाठी ती योग्यच आहे. परंतु तोपर्यंत दुय्यम केशकूपांच्या आरंभाचा मुख्य टप्पा उलटून गेलेला असतो. त्यामुळे तंतू देणाऱ्या शेळ्यांच्या बाबतीत हीच शिफारस जशीच्या तशी पुढे सरकवणे पुरेसे नाही. गाभण काळाचा तिसरा महिना संपता संपता आणि चौथ्या महिन्यात शेळीची अंगकाठी ढासळणार नाही, एवढी तरतूद आवश्यक आहे. खुराकाचा साठा मर्यादित असेल, तर तो सर्व कळपात थोडाथोडा वाटण्यापेक्षा गाभण शेळ्या, त्यातही पहिलारू आणि अशक्त शेळ्या वेगळ्या काढून त्यांना द्यावा. दररोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक आणि त्याच्या जोडीला उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला लसूणघास, ही तरतूद साध्य होण्याजोगी आहे. लसूणघास सिंधू खोऱ्यातील खालच्या गावांत पिकतो आणि लडाखमध्ये तो ‘ओल’ या नावाने ओळखला जातो. तो हिवाळ्यापूर्वीच वर पोहोचला पाहिजे. रस्ते बंद झाल्यावर आलेल्या चाऱ्याने जीव वाचतात, केशकूप वाचत नाहीत.

शेळीची अंगकाठी नुसत्या नजरेने पाहून ठरवू नये. हिवाळ्यात लवीच्या दाट आवरणाखाली हाडे निघालेली शेळीही गुबगुबीत दिसते. कमरेच्या मणक्यावर आणि बरगड्यांवर हात दाबून फिरवला म्हणजे खरी स्थिती कळते. एक ते पाच गुणांच्या पद्धतीत गाभण शेळी अडीच ते तीन गुणांच्या दरम्यान राहील असे पाहावे. ही तपासणी शेळ्या फळण्यापूर्वी एकदा आणि जानेवारीत एकदा अशी किमान दोनदा व्हावी. शेळ्या शरद ऋतूतच रोड असतील, तर जानेवारीतील उपाय अपुरे पडतात.

जंतनाशक देण्याची वेळही यात गुंतलेली आहे. गाभण काळाच्या पहिल्या दीड महिन्यात आल्बेंडाझोल गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून ते बोकड सोडण्यापूर्वीच द्यावे किंवा त्या काळात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दुसरे औषध निवडावे.

चीक, दूध आणि पहिला उन्हाळा

केशकूपांच्या विकासाचा दुसरा निर्णायक टप्पा जन्मानंतरचा आहे आणि तो पशुपालकाच्या हातात अधिक आहे. केस हा केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लांचे, विशेषतः सिस्टीनचे, प्रमाण मोठे असते. मोठ्या शेळीच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील नत्र आणि गंधक वापरून अशी आम्ले तयार करतात. नवजात करडाचे कोटीपोट अजून कार्यरत झालेले नसते. पहिल्या काही आठवड्यांत त्याला ही आम्ले केवळ दुधातून मिळतात. त्याच आठवड्यांत हजारो दुय्यम केशकूप परिपक्व होण्याच्या उंबरठ्यावर उभे असतात. त्यामुळे जन्मानंतर तासाभरात पहिला चीक आणि पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या सुमारे १० टक्के चीक, ही नेहमीची शिफारस येथे केवळ रोगप्रतिकारापुरती नाही.

या ठिकाणी कुटुंबाची गरज आणि करडाची गरज समोरासमोर येतात. चांगपा कुटुंबे उन्हाळ्यात शेळ्यांचे दूध काढतात. लोणी आणि वाळवलेले चीज हा त्यांच्या हिवाळ्याच्या शिधाचा भाग असतो. दूध काढूच नये असा सल्ला कोणी ऐकणार नाही आणि तो रास्तही नाही. मात्र पहिले दोन महिने करडाला पोटभर पाजून उरलेलेच दूध काढणे, तसेच पैदाशीसाठी ठेवायच्या मादी करडांच्या आयांचे दूध त्यानंतरही हात राखून काढणे, एवढे पथ्य पाळता येते. दूध अकस्मात तोडू नये. तिसऱ्या आठवड्यापासून करडांना कोवळा पाला आणि १६ ते १८ टक्के प्रथिने असलेला थोडा खुराक आईपासून आड ठेवून द्यावा, म्हणजे कोटीपोट लवकर कामाला लागते.

खनिजांपैकी तांबे आणि जस्त यांचा केसांच्या घडणीशी थेट संबंध आहे. तांब्याच्या कमतरतेने तंतूंतील बंध नीट जुळत नाहीत आणि केस निस्तेज व कमकुवत होतो. तरीही तांबे सरसकट वाढवणे धोक्याचे आहे. चांगथांगमधील कळपांत शेळ्यांबरोबर मेंढ्याही असतात आणि शेळीला सोसणारे तांब्याचे प्रमाण मेंढीला विषारी ठरू शकते. मिश्र कळपात शेळ्यांसाठीचे क्षार मिश्रण मेंढ्यांच्या तोंडी लागणार नाही अशी व्यवस्था करावी.

विण्याच्या तारखेचाही विचार व्हावा. प्रौढ शेळीत लवीची वाढ वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास सुरू होते, दिवस लहान होत जातात तशी ती जोर धरते आणि डिसेंबरच्या अखेरीस मंदावते. वसंतात लव सुटते. रात्रीच्या लांबीनुसार शरीरात स्रवणारे मेलाटोनिन हे या चक्राचे प्रमुख सूत्र आहे. एप्रिलमध्ये जन्मलेल्या करडाचे बरेचसे दुय्यम केशकूप या हंगामापर्यंत तयार झालेले असतात. जूनमध्ये जन्मलेले करडू मागे पडते. उलट फेब्रुवारीत जन्मलेली करडे थंडीने दगावतात. म्हणून बोकड कळपात वर्षभर मोकळा न ठेवता ठरावीक सहा-सात आठवड्यांपुरताच सोडणे हितावह ठरते.

प्रयोगशाळेतील वाटा

केशकूपांचा आरंभ घडवून आणणाऱ्या संकेतांवर जगभर काम चालू आहे. चिनी शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये एफजीएफ-५ या जनुकाचे कार्य बंद केलेल्या शेळ्यांत लांब तंतू आणि अधिक दुय्यम केशकूप आढळल्याचे प्रसिद्ध केले. २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनीच लहान करडांना मेलाटोनिन दिल्यास दुय्यम केशकूपांचा विकास सुधारतो असेही दाखवले. दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे आहेत, पण ते संशोधनाच्या पातळीवर आहेत. विस्तार कार्यकर्त्यांनी त्यांचे रूपांतर सल्ल्यात करू नये. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात ९ मार्च २०१२ रोजी ‘नूरी’ हा पश्मिना शेळीचा क्लोन जन्मला, तेव्हा उत्तम शेळीच्या हुबेहूब प्रती काढता येतील अशी अपेक्षा निर्माण झाली होती. वर सांगितलेली प्रक्रिया पाहता त्या अपेक्षेला एक मर्यादा आहे. जनुके तीच असली, तरी केशकूपांची अंतिम संख्या ती शेळी कोणत्या गर्भाशयात आणि कोणत्या हिवाळ्यात वाढली यावरही ठरते.

महाराष्ट्रातील अनुभव

तंतू देणाऱ्या शेळ्यांचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा अंगोरा बोकडांशी संकर करून मोहेर निर्मितीवर दीर्घकाळ संशोधन झाले. अंगोरा शेळीची गोष्ट पश्मिन्याहून वेगळी आहे. तिच्यात प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही केशकूपांतून जवळपास सारखाच, चकचकीत तंतू येतो. तो ऋतूनुसार गळत नाही, महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो आणि वर्षातून दोनदा कातरला जातो. संगमनेरीच्या प्राथमिक केशकूपांतून मात्र राठ, मज्जायुक्त केस येतो. म्हणून पहिल्या पिढीच्या संकरात तंतूंची सरमिसळ होते आणि अंगोराचा अंश तीनचतुर्थांश किंवा त्याहून वर नेल्यावरच मोहेराचा दर्जा सुधारतो. केशकूपांचा आराखडा एका पिढीत बदलत नाही, हेच यातून दिसते.

चांगथांगी बोकड आणून महाराष्ट्रात पश्मिना घेता येईल काय, अशी पृच्छा अधूनमधून होते. लेहमध्ये जूनचा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा आणि डिसेंबरचा सुमारे दहा तासांचा असतो. राहुरीला हेच आकडे अनुक्रमे सव्वातेरा आणि अकरा तास असे आहेत. लवीच्या चक्राला लागणारा हा ऋतूंमधील फरक येथे निम्माच आहे. शिवाय पठारावरील थंडीसाठी घडलेल्या जनावराला येथील उन्हाळा सोसणे कठीण. अशा खरेदीत पैसे गुंतवू नयेत.

नोंदी कशा ठेवाव्यात

संशोधन केंद्रात केशकूपांची मोजणी करताना करडाच्या कुशीवरील मध्यभागी स्थानिक भूल देऊन सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढतात आणि त्याचे आडवे छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अशा अहवालांत दर चौरस मिलिमीटरमधील केशकूपांची संख्या वाचताना एक चूक वारंवार होते. करडू वाढते तशी त्वचा ताणली जाते आणि तेवढ्याच जागेत कमी केशकूप दिसू लागतात. जन्मावेळची घनता पुढे घटलेली दिसली, म्हणजे केशकूप नष्ट झाले असे नव्हे. वेगवेगळ्या वयांच्या करडांची तुलना दुय्यम आणि प्राथमिक केशकूपांच्या गुणोत्तरावरूनच करावी.

पशुपालकाकडे सूक्ष्मदर्शक नसतो. त्याच्याकडे कानातील बिल्ला, वही आणि तराजू असतो. प्रत्येक करडाची जन्मतारीख, जन्मवजन, आई पहिलारू होती की नाही आणि तीन महिन्यांचे वजन एवढ्या चार नोंदी ठेवाव्यात. पुढील वर्षी त्या करडाची पहिली लव विंचरली जाईल, तेव्हा ती मोठ्या शेळ्यांच्या ढिगात न मिसळता प्रत्येकीची स्वतंत्र तोलावी व चिमूटभर नमुना जाडी तपासण्यासाठी वेगळा बांधून ठेवावा. पैदाशीचा बोकड निवडताना ही वही त्याच्या अंगावरील लवीइतकीच बारकाईने पाहावी. वाईट हिवाळ्यात जन्मलेल्या बोकडाची लव बेताची असली, तरी त्याची जनुके उत्तम असू शकतात. म्हणून त्याची तुलना त्याच वर्षी जन्मलेल्या त्याच्या सोबत्यांशीच केली जावी.